लव्हाळ्यातून सोडवलेला फुलवाफा : आश्विन-कार्तिकातील कामाच्या नोंदी

रविवार, २९ सप्टेंबर २०२४

घराच्या पूर्वेकडील भिंतीपासून विहिरीच्या पायवाटेपर्यंतचा फुलवाफा आज टेपने मोजला. लांबी २२ फूट आणि रुंदी ६ फूट भरली, म्हणजे १३२ चौरस फूट जागा आहे; परंतु लव्हाळ्याने आणि तरोट्याने तिची हद्द इतकी पुसून टाकली आहे की टेपचे दुसरे टोक धरणाऱ्या आमच्या सालदारांना (सालाने ठेवलेल्या गड्यांना) कडेची वीट पायाने चाचपून शोधावी लागली. हा वाफा आईने घातलेला आहे. गेले तीन पावसाळे तिचे गुडघे तिला उकिडवे बसू देत नाहीत, मी निवृत्त होईपर्यंत नोकरीच्या गावी होतो, आणि अमरावती जिल्ह्याच्या वरूड तालुक्यातील आमच्या या पट्ट्यात पावसाळ्यात मोकळा मिळालेला प्रत्येक हात आधी संत्र्याच्या बागेत व मग सोयाबीनच्या वावरात जातो.

आज काही उपटले नाही; जे दिसते तेवढे लिहून काढले. भिंतीलगतची लाल कर्दळ डोक्याच्या वर गेली असून तिची जुनी खोडे आडवी पडली आहेत. मधल्या भागात लव्हाळ्याच्या वर निशिगंधाचे चार दांडे दिसतात, त्यांपैकी एकावरच फुले आहेत. विहिरीच्या बाजूला शेवंती आहे आणि तिने बारीक कळ्या धरल्या आहेत. दोन गावठी गुलाब, एक मोगरा आणि कोणीही न लावलेली, आपोआप उगवलेली एक कोरांटी एवढी झाडे ओळखू आली. बाकी सर्व लव्हाळा, हराळी, केना, आघाडा, तरोटा आणि गाजर गवत. गाजर गवताच्या पानांवर पांढरट-पिवळे, पाठीवर काळ्या वेड्यावाकड्या रेघा असलेले भुंगे होते. गाजर गवताच्या बंदोबस्तासाठी मेक्सिकोतून आणून १९८० च्या दशकात भारतात सोडलेला हाच भुंगा. त्याने अर्धी पाने चाळणी केली होती, तरी गवत फुलावर आलेलेच होते.

भिंतीच्या कोपऱ्यात सापाची हातभर कात सापडली. सालदार म्हणाले, “गुरुजी, आधी दांड्यानं आपटून घ्या, मंग हात घाला.” गमबूट आणि जाड हातमोजे यांच्याशिवाय या वाफ्यात उतरायचे नाही, असे ठरवले.

बुधवार, २ ऑक्टोबर

गाजर गवत बी धरण्याच्या आत काढणे निकडीचे असल्यामुळे सकाळी तेवढे मुळासकट उपटले. त्याच्या स्पर्शाने माझ्या मनगटाला खाज सुटते, म्हणून बाह्या दोऱ्याने बांधून घेतल्या. येथवर काम बरोबर झाले.

त्यानंतर मात्र चूक केली. जागा एकदा मोकळी दिसावी या घाईने विळा घेऊन मधला सर्व भाग जमिनीसरशी कापून काढला. दुपारी बारापर्यंत वाफा दाढी केल्यासारखा स्वच्छ झाला आणि मी आईला खुर्चीवर बसवून दाखवायला आणले. तिने बराच वेळ पाहिले आणि विचारले, “निशिगंध कुठी होता, आता कसं समजन तुले?” लव्हाळ्याचे पान आणि निशिगंधाचे पान, दोन्ही लांब, अरुंद आणि हिरवी, कापल्यावर उरलेल्या खुंटांवरून ओळखणे मला जमले नाही. कापण्यापूर्वी निशिगंधाच्या प्रत्येक ठोंबाशी तुराटीची खुंटी रोवायला हवी होती.

सोमवार, ७ ऑक्टोबर

पाच दिवसांत लव्हाळा चार बोटे वर आला आहे, आणि पूर्वीपेक्षा दाट आला आहे. याचे कारण जमिनीखाली आहे. लव्हाळ्याच्या काळ्या गाठी बारीक, तारेसारख्या मुळांनी एकमेकींना माळेसारख्या जोडलेल्या असतात. वरचा कोंब जिवंत असेपर्यंत माळेतील बाकीच्या बऱ्याच गाठी निजून राहतात. कोंब छाटला किंवा माळ तुटली की त्या जाग्या होतात. म्हणजे विळ्याने मी तण कमी केले नाही, उलट त्याची पेरणीच केली.

अंदाज यावा म्हणून मधोमध एक फूट लांब, एक फूट रुंद आणि वीतभर खोल असा तुकडा खणून काढला आणि पोत्यावर माती फोडून गाठी मोजल्या. ५३ निघाल्या. हाच हिशेब पूर्ण वाफ्याला लावला तर जवळजवळ ७,००० गाठी होतात. खुरप्याने झाडांच्या मधून निंदण करून हा वाफा सुटणार नाही. तो रिकामाच करावा लागेल, आणि ठेवायची झाडे उचलून मातीतून एकेक गाठ वेचावी लागेल.

कृषी केंद्रात तणनाशकाचा सल्ला मिळाला होता. पऱ्हाटीच्या (कपाशीच्या) धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, आम्हीही ते वापरतो. येथे ते नको, याची कारणे दोन आहेत : फवाऱ्याचा तुषार कळीवर आलेल्या शेवंतीवर गेल्याशिवाय राहणार नाही, आणि हिरव्या पानांतून आत जाणारे औषध पान नसलेल्या, माळेपासून सुटलेल्या निजलेल्या गाठीपर्यंत पोहोचतच नाही.

नमुन्याच्या या खड्ड्याने आणखी एक धडा दिला. हस्ताच्या पावसाने माती अजून ओली होती. फावड्याला ती लोण्यासारखी चिकटली, आणि बाहेर काढलेले गोळे संध्याकाळपर्यंत उन्हात विटेसारखे कडक झाले. त्यांतील गाठी काढण्यासाठी हातोडी घ्यावी लागली. काळ्या मातीत ओली असताना खणणे म्हणजे पुढच्या उन्हाळ्यापर्यंत ढेकळांशी भांडणे. वाफसा येईपर्यंत, म्हणजे जास्तीची ओल सरून माती खणण्याजोगी होईपर्यंत, थांबायचे.

रविवार, १३ ऑक्टोबर

खंडेनवमीला कुदळ, सब्बल, विळा आणि कात्री धुऊन पूजेला मांडली होती. काल दसरा झाल्यावर लोहाराकडून धार लावून आणली.

आज दोन्ही गुलाबांची छाटणी केली. आमच्याकडे पाऊस सरल्यावर ऑक्टोबरच्या मध्याला गुलाब छाटतात आणि साधारण ४५ दिवसांत फूल येते. वाळलेल्या, आत वळलेल्या आणि पेन्सिलीपेक्षा बारीक अशा सर्व फांद्या काढल्या; चार-चार सशक्त फांद्या ठेवून त्या बाहेर तोंड असलेल्या डोळ्याच्या वर तिरक्या कापल्या. एका गुलाबाच्या बुडातून रानटी खुंटाचा सात पानांचा फुटवा निघाला होता, तो मुळापाशी माती उकरून ओढून काढला. वरून कापला असता तर पुन्हा फुटला असता. कापलेल्या टोकांना बोर्डो मलम लावले. संत्र्याच्या बुंध्यांना लावण्यासाठी १ किलो मोरचूद, १ किलो चुना आणि १० लिटर पाणी या प्रमाणात ते घरी कालवलेलेच होते. गुलाबाला त्यातील वाटीभर पुरले.

मोगऱ्याला हात लावला नाही. त्याचे पाणी आधी तोडायचे आणि छाटणी नोव्हेंबर संपताना करायची, असे आईचे म्हणणे आहे. शेवंतीला तर आत्ता हलवणे म्हणजे वर्षाचे फूल घालवणे होय. दिवस लहान होऊ लागले की ती कळी धरते, आणि धरलेली कळी मूळ दुखावल्यावर गळते. विहिरीकडची ४ फुटांची पट्टी म्हणूनच या वर्षी खणायची नाही. तेथील लव्हाळा बोटांनी खुडत राहू. अर्थात त्या पट्टीतून तो पुन्हा या बाजूला सरकणार, हे मला माहीत आहे. त्यासाठी मध्ये टिनाचा पत्रा गाडण्याचा विचार आहे.

वाफसा पाहिला. वीतभर खोलीची मूठभर माती घेऊन लाडू वळला आणि कमरेच्या उंचीवरून सोडला. पडल्यावर तो चपटा झाला, फुटला नाही. अजून दोन दिवस लागतील.

शनिवार, १९ ऑक्टोबर

मंगळवारी लाडू फुटला आणि खणायला सुरुवात केली, पण त्याच संध्याकाळी एक सर येऊन गेली. कोजागरीचे दूध पडवीत आटवावे लागले आणि बुधवार-गुरुवार काम बंद राहिले. काल आणि आज मिळून दोन-तृतीयांश भाग संपला. सोयाबीनच्या सोंगणीमुळे गावात मजूर मिळत नाहीत. सालदार सकाळी दोन तास देतात, बाकीचे काम माझे.

पद्धत अशी ठरली. आधी भिंतीपासून दीड फुटावर सब्बल तिरकी घालून मातीची वडी सैल करायची, मग टिकासाने ती उलटायची, आणि ती वडी पोत्यावर घेऊन मी व शेजारच्या काकूंनी हाताने फोडायची. आईची खुर्ची पोत्याजवळ ठेवली आहे. आम्ही वेचलेल्या वस्तू तिच्या परातीत टाकतो आणि ती निवाडा करते, कारण मातीने माखलेल्या अवस्थेत लव्हाळ्याची गाठ आणि निशिगंधाचे लहान पिल्लू यांत माझी फसगत होते. तिने शिकवलेली ओळख अशी : गाठ नखाने दाबली तर दबत नाही, तिच्यावर काळपट राठ केस असतात, आणि तोडली तर आत पांढरी निघून कापरासारखा, थोडा उग्र वास येतो. निशिगंधाचा कंद नखाखाली दबतो, वरचे तपकिरी पापुद्रे कांद्यासारखे सुटतात आणि खाली मुळांची चपटी चकती असते. पावसाळी लिलीचे कंदही निघाले. ते काळसर सालीमुळे प्रथम गाठीच वाटतात, पण त्यांची मान लांब असते. पहिल्या दिवशी मी लिलीचे निदान डझनभर कंद तणाच्या टोपल्यात टाकले होते. आईने टोपले उलटे करवून ते परत काढले.

निशिगंध का फुलत नव्हता, तेही उघड झाले. एका ठोंबात २० ते ३० कंद एकमेकांना चिकटून दगडासारखे घट्ट बसले होते. निशिगंधाचा जो कंद एकदा दांडा देतो तो पुन्हा फुलत नाही. त्याच्या कडेच्या पिल्लांनी मोठे होऊन पुढची फुले द्यायची असतात, आणि त्यांना जागाच उरली नव्हती. तीन वर्षांत एकदा ठोंब उकरून कंद वेगळे करणे हा या झाडाचा नेम आहे, आणि तो नेमका तीन वर्षे चुकला. वास्तविक पाने पिवळी पडल्यावर, पाणी तोडून कंद काढायला हवेत. पण लव्हाळ्याच्या अणकुचीदार कोंबांनी काही कंद आरपार भेदले होते, त्यामुळे आता थांबण्यात अर्थ नव्हता.

आज सायंकाळी वजनकाट्यावर वेचलेल्या गाठी ठेवल्या : ४ किलो ७०० ग्रॅम.

सोमवार, २१ ऑक्टोबर

खणणे संपले. गाठींचे एकूण वजन ६ किलो ३०० ग्रॅम. मी त्या उकिरड्यावर टाकायला निघालो होतो. आईने हटकले, कारण उकिरड्यातून त्या शेणखताबरोबर थेट वावरात गेल्या असत्या. कोठ्याच्या (गुरांच्या गोठ्याच्या) टिनावर पातळ पसरल्या आहेत. लव्हाळ्याची गाठ ओल्या मातीत वर्षानुवर्षे टिकते, पण कोरडी पडली की मरते, आणि ऑक्टोबरच्या उन्हातला टिनाचा पत्रा दुपारी हात ठेवू देत नाही.

निशिगंधाचे कंद पाने चार बोटे ठेवून कापले आणि पडवीत सावलीला पसरले. दीड सेंटीमीटरपेक्षा जाड, चातीच्या आकाराचे २१२ कंद निवडले. बारीक पिल्ले वेगळ्या टोपल्यात ठेवली आहेत. मोठ्यांची लागवड फेब्रुवारी-मार्चमध्ये होईल. ३० कंद मात्र जुन्या तेलाच्या डब्यांत आत्ताच लावले. त्याला काही शास्त्र नाही. आईला पडवीतून दिसावेत एवढेच.

वाफ्याच्या पायवाटेकडील कोपऱ्यात सापडलेले सर्व कंद सडलेले होते. तेथे पाणी तुंबते. आता वाफा सपाट न ठेवता गादीवाफा करायचा आणि त्या बाजूला वीतभर खोल चर काढून पाणी संत्र्याच्या पहिल्या ओळीकडे न्यायचे.

शनिवार, २६ ऑक्टोबर

शेणखताने घोळ केला. गावातीलच एका ओळखीच्या गोठ्यातून दहा घमेली खत आणले. वरून काळे, भुरभुरीत आणि चांगले दिसत होते. पसरताना दाताळ्याला पांढऱ्या, जाड, तपकिरी डोक्याच्या आणि अर्धचंद्रासारख्या वळलेल्या अळ्या लागल्या. हुमणी. खत ढिगाच्या आत अर्धे कच्चे होते, आणि हुमणीला राहायला तेच आवडते. ती कंदांची आणि गुलाबाची मुळे कुरतडून झाड उभ्या-उभ्या वाळवते. सगळे खत पुन्हा गोळा करून अंगणात ताडपत्रीवर पातळ पसरले. पहिल्या तासात आम्ही ८० अळ्या वेचल्या, नंतर साळुंक्यांनी काम हातात घेतले आणि दुपारपर्यंत त्या आमच्यापेक्षा बऱ्याच पुढे गेल्या. त्या दमल्यावर खत चाळणीने चाळले. चाळलेल्या सात घमेल्यांत ५ किलो निंबोळी पेंड मिसळून ते वरच्या वीतभर मातीत कालवले. उरलेले कच्चे खत वर्षभर कुजू देणार.

हराळीचा बंदोबस्त आज पूर्ण झाला. ती पायवाटेच्या बाजूने विटांच्या खालून आत येत होती. विटा काढल्या, त्यांच्या खाली विणलेल्या चटईसारखी पसरलेली मुळे सोडवली, आणि कोठ्याच्या जुन्या पत्र्याच्या एक फूट रुंदीच्या पट्ट्या उभ्या गाडल्या; दोन बोटे वर ठेवून त्यांना विटांचा आधार दिला. शेवंतीच्या पट्टीच्या कडेलाही अशीच एक पट्टी बसवली. काकूंनी पायवाटेवरची हराळी मुळीच काढू दिली नाही, कारण गणपतीच्या दूर्वा त्या तेथूनच नेतात. पत्र्याच्या पलीकडे तिला माझी हरकत नाही.

धुऱ्याकडून आत शिरलेला कुंद्याचा, या चिवट गवताचा, एकच ठोंब होता, पण तो काढायला पाऊण दिवस गेला. मुळे दोन फुटांच्या खाली होती आणि शेवटी ती आणखी खाली गेलेलीच दिसली. सालदारांनी खड्ड्यात वाकून पाहिले आणि म्हणाले, “हा काही एका वर्षात नाही जात, गुरुजी.” खड्ड्याच्या जागी खुंटी रोवून ठेवली आहे.

गुरुवार, ३१ ऑक्टोबर

नरक चतुर्दशी. टिनावरील गाठी दहा दिवसांत खडखडीत वाळल्या. काष्ठौषधींच्या दुकानात मोथा म्हणून विकतात तो याच गाठींचा. आईने त्यांतील ओंजळभर गाठींचे केस जाळून, त्या धुऊन व पुन्हा वाळवून खलबत्त्यात कुटल्या आणि संत्र्याची वाळलेली साल, आंबेहळद आणि वाळा यांच्याबरोबर उटण्यात घातल्या. पहाटे आंघोळीच्या वेळी न्हाणीत तोच कापरासारखा वास होता. उरलेल्या गाठी चुलीत गेल्या.

शनिवार, ९ नोव्हेंबर

कर्दळीचे कंद दोन घमेली भरून निघाले होते. प्रत्येकी दोन-तीन डोळे असलेले फक्त नऊ तुकडे भिंतीलगत दीड-दीड फुटांवर लावले. काही काकूंनी नेले आणि बाकीचे मोरीच्या पाण्याच्या चरात टाकले, तेथे ते कोणी न विचारता वाढतील. लिली गुलाबांच्या पुढे एका ओळीत लावली. निशिगंधाची मधली जागा मुद्दाम रिकामी आहे.

रिकाम्या जागेवर सोयाबीनचे कुटार (मळणीनंतरचा भुसा) तीन बोटे जाड पसरले. या दिवसांत ते खळ्यावर फुकट मिळते. काळी माती वाळली की आक्रसते आणि भेगा पडून त्यांत मुळे तुटतात. कुटाराखाली ती ओल धरून राहते. भिंतीपासून आणि गुलाबाच्या बुडापासून मात्र ते वीतभर दूर ठेवले, कारण आमच्याकडे उधई (वाळवी) कोरड्या काडीची वाटच पाहत असते.

गुरुवार, २८ नोव्हेंबर

कुटार बाजूला सारून लव्हाळ्याचे कोंब मोजले. रिकाम्या भागात १९ निघाले. प्रत्येकाच्या कडेने खुरपे उभे घालून गाठीसकट काढला. दोन गाठी मातीतच तुटून राहिल्या. थंडीत लव्हाळा मंद असतो, त्यामुळे या आकड्यावर मी फार विसंबत नाही. एप्रिलमध्ये पाणी सुरू झाल्यावर खरे काय ते कळेल. कुंद्याच्या खुंटीजवळ दोन पाती वर आली आहेत.

पहिल्या गुलाबाला काल कळी उमलली. शेवंती पूर्ण फुलावर आहे. तिच्या पिवळ्या झाडांत मध्येच तीन झाडे तांबूस फुलांची निघाली, हे आईलाही आठवत नव्हते. फुले सरल्यावर सगळ्या झाडांची पाने सारखीच दिसतील, म्हणून त्या तिन्हींच्या बुडाशी आज लाल दोरा बांधला. जानेवारीत छाटणी झाल्यावर त्यांच्या काश्या, म्हणजे बुडाशी येणारे लावणीचे फुटवे, वेगळ्या ठेवायच्या आहेत.